रेल्वे एंजिनांतील इंधन-ज्वलन

रेल्वे एंजिनांतील इंधन-ज्वलन : इंधनातील रासायनिक ऊर्जेचे ज्वलनाने उष्णतेत व पुढे यांत्रिक कार्यात रूपांतर करून गाडी ओढण्याची क्रिया. हे ज्वलन कोठे होते, यावरून तिच्या इतिहासाचे तीन टप्पे पडतात : सिलिंडराबाहेर, सिलिंडरात आणि गाडीपासून दूर वीजकेंद्रात.

वाफ एंजिनात कोळसा भट्टीत जळतो व बाष्पित्रातील वाफ दट्ट्या ढकलते. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी १८०४ मध्ये वेल्समधील पेनीडॅरन येथे अशा एंजिनाने लोखंडाच्या वाघिणी रुळांवरून ओढून दाखविल्या. स्टीव्हन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ एंजिनात (१८२९) भट्टीतील तप्त वायू अनेक नळ्यांवाटे पाण्यातून नेलेले होते. वापरलेली वाफ धुराड्यात सोडल्याने भट्टीत हवा जोराने खेचली जाई. त्यामुळे वाफेचा खप वाढताच विस्तवही फुले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे मार्गावर धावलेली गाडी वाफेचीच होती. तथापि बहुतेक उष्णता धुराड्यातून व बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर वाया जाई. इंधनातील ऊर्जेचा सामान्यतः १० टक्क्यांहून कमी भाग उपयोगी पडे.

डीझेल एंजिनात सिलिंडरातील हवा दाबाने इतकी तापते की, फवारलेले तेल ठिणगीवाचून पेटते. रूडोल्फ डीझेल यांच्या १८९७ मधील एंजिनाची कार्यक्षमता सु. २६% भरली. हे एंजिन भारासह शून्य वेगापासून सुरू होऊ शकत नाही. म्हणून ते बहुधा जनित्र फिरविते व त्या विजेवर चाकांची चलित्रे चालतात. वाराणसीच्या कारखान्यातून पहिले डीझेल एंजिन १९६४ मध्ये बाहेर पडले. रुंदमापी मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली.

विद्युत् गाडीत ज्वलन होतच नाही. भारतात ती प्रथम ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. १९३० पर्यंत विद्युतीकरण बोरघाटमार्गे पुण्यापर्यंत पोहोचले. घाट उतरताना चलित्रे जनित्रांप्रमाणे चालवून वीज तारेत परत देता येते. जळलेले तेल मात्र परत मिळत नाही.

तरीही विद्युतीकरणाने ज्वलन संपले असे म्हणता येत नाही. या मार्गासाठी रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्ली येथे उभारलेले वीजकेंद्र कोळशावरच चालत असे. भारतातील बहुतांश वीज आजही कोळशापासून मिळते. धूर डब्यांवरून हटला, तो वीजकेंद्राच्या परिसरात गेला. म्हणून गाडीची खरी इंधनबचत ठरविताना वीजकेंद्रातील भट्टीचाही हिशेब धरावा लागतो.