मूळ नायक म्हणजे कोणता?

ऑक्टोबर 2021 मध्ये डीसी कॉमिक्सने जाहीर केले की क्लार्क केंटचा मुलगा जॉन, म्हणजे वडिलांचे काम पुढे चालवणारा तरुण सुपरमॅन, जे नाकामुरा नावाच्या एका तरुण पत्रकाराच्या प्रेमात पडतो. त्याच वर्षी ॲलन स्कॉट या नायकाने, 1940 पासून छापल्या जाणाऱ्या पहिल्या ग्रीन लँटर्नने, आपल्या मोठ्या झालेल्या मुलांना सांगितले की आपण समलिंगी आहोत. दोन्ही वेळा जुन्या चाहत्यांत संताप उसळला. त्या संतापामागचा युक्तिवाद मराठी वाचकांतही ऐकू येतो, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो.

ज्या नायकाला आम्ही लहानपणापासून ओळखतो, त्याचा स्वभाव मध्येच बदलण्याचा अधिकार आजच्या लेखकाला नाही. नवे काही सांगायचे असेल तर त्याने नवा नायक घडवावा. शिवाय हे पश्चिमेचे खूळ आहे. आमच्या कथापरंपरेत नायकाला हात लावला जात नाही, आणि बारामती-इंदापूरच्या वाचकाचा तर या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही.

या पक्षाचा सगळा भार 'मूळ नायक' या कल्पनेवर आहे. पण हे मूळ कोणी आणि कोणत्या परिस्थितीत घडवले? 1954 साली फ्रेडरिक वर्थॅम या मनोविकारतज्ज्ञाने 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक लिहून बॅटमॅन आणि रॉबिनच्या सहजीवनावर समलैंगिकतेचा आरोप केला. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सची चौकशी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात समलिंगी प्रेमाला 'विकृती' ठरवून त्याची सूचनासुद्धा वर्ज्य केली होती. ही बंदी 1989 पर्यंत टिकली. एक्स-मेनमधला आइसमन, म्हणजे बॉबी ड्रेक, 1963 साली जन्मला तो या बंदीच्या आतच. त्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या प्रेमकथा लिहिल्या गेल्या तेव्हा दुसरा रस्ता कायम बंद होता. ॲलन स्कॉट त्याहून जुना. तो जन्मला तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता, आणि इलिनॉय या पहिल्या राज्याने तो रद्द केला तो 1962 पासून. जे लिहायलाच मनाई होती ते लिहिले गेले नाही, यावरून नायकाचा स्वभाव कसा सिद्ध होईल? तिथे सिद्ध होते ती मनाई. चाहते ज्याचे रक्षण करू पाहतात त्यात लेखकाची प्रतिभा किती आणि सेन्सॉरची कात्री किती, हे तपासल्याशिवाय 'मूळ' हा शब्द उच्चारू नये.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांनी तर हे आणखी जपून बोलावे. 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून भेटलेला वेताळ ज्यांच्या मनात घर करून आहे, त्यांचा तो वेताळही ली फॉकने 1936 साली लिहिलेला जसाच्या तसा नव्हता. भारतीय आवृत्तीत त्याचा देश बदलून डेंकाली झाला, आणि सिंग चाचे सिंगा चाचे झाले, कारण मूळ नावे इथल्या वाचकाला खटकली असती. त्या बदलांनी वेताळावरचे आपले प्रेम तसूभरही कमी झाले नाही. बहुतेकांना ते बदल कळलेही नाहीत.

आता 'आमच्या परंपरेत नायकाला हात लावत नाहीत' हे विधान घेऊ. ते बारामतीत उभे राहून करता येत नाही. पन्हाळ्यावर 1729 साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावले आणि 1794 मध्ये मृत्यू येईपर्यंत कऱ्हेकाठीच राहिले. त्यांची ख्याती एकशे आठ रामायणांची आहे. एकच नायक, एकच कथा, आणि प्रत्येक वेळी नवी अट. त्यातले निरोष्ठ रामायण घ्या. ओठ मिटल्याशिवाय उच्चारता न येणारी अक्षरे त्यात वर्ज्य, म्हणजे 'म' वर्ज्य. ज्या काव्याचा नायक राम आहे, त्यात 'राम' हे नावच येऊ शकत नाही! मराठीतल्या एका श्रेष्ठ पंडित कवीने, तोही रामभक्त, आपल्या आराध्याबाबत एवढी मोकळीक घेतली आणि बारामतीने त्याला कविवर्य म्हणून मिरवले.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की हा शब्दांचा खेळ झाला. मोरोपंतांनी रामाचे चारित्र्य कुठे बदलले? शंका रास्त आहे. म्हणून महाभारताकडे वळू. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत वनपर्वाचे संपादन वि. सी. सुखटणकरांनी केले, ते 1942 साली प्रसिद्ध झाले. त्यात उर्वशीने अर्जुनाला दिलेल्या शापाची कथा मुख्य संहितेत नाही, ती परिशिष्टात आहे. विराटपर्वातला बृहन्नडा, म्हणजे अज्ञातवासाच्या वर्षी क्लीब रूपात राहिलेला अर्जुन, मात्र मुख्य संहितेत आहेच. याचा अर्थ असा की महावीर अर्जुनाचे ते एक वर्ष नंतरच्या कोणा कथाकाराला अपुरे वाटले, आणि त्याने नायकाचे शरीर, त्याची वासना, त्याचा नकार हे सारे पुन्हा उघडून त्या वर्षाला कारण दिले. श्रोत्यांनी ते इतके आपलेसे केले की आज कीर्तनकार ते मूळ म्हणूनच सांगतात. जुन्या नायकाच्या आयुष्यात मागाहून नवा अर्थ घालण्याची रीत आपण अमेरिकेकडून घेतलेली नाही.

इथे एक मर्यादा मीच घालतो, कारण आपल्या बाजूचे अनेक जण ती ओलांडतात. बृहन्नडा समलिंगी नाही. मुलगा म्हणून वाढवलेला, दशार्ण राजाच्या मुलीशी लग्न लागलेला आणि यक्षाकडून पुरुषत्व मिळवणारा शिखंडीही आजच्या कोणत्याही एका नावात पुरता मावत नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणी स्त्रीच्या तोंडून कृष्णाची आस सांगतात; त्यावरून ज्ञानदेवांच्या खासगी आयुष्याबद्दल काही ठरवणे हा अडाणीपणा होईल. माझा दावा एवढाच आहे की पुरुष आणि स्त्री यांच्या ठरीव रेषा नायकाने ओलांडल्या म्हणून आपली परंपरा कोसळली नाही. शिखंडीची कथा मोरोपंतांनी आर्याभारतात बारामतीतच बसून लिहिली. आणि तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरच्या रस्त्याने जाते तेव्हा धिप्पाड वारकरी गौळणीच्या 'मी'ने गातात; त्यात कुणालाही वावगे वाटत नाही.

पश्चिमेच्या खुळाबद्दल बोलायचे तर पश्चिमेकडून आला तो गुन्हा. कलम 377 हे 1860 च्या इंग्रजी दंडसंहितेचे. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द केले. पुढे 1 एप्रिल 2022 रोजी समलिंगी विवाहाला विशेष विवाह कायद्यात स्थान देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते मांडणाऱ्या सुप्रिया सुळे बारामतीच्या खासदार, आणि इंदापूर तालुका याच मतदारसंघात येतो. विधेयक मंजूर झाले नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. तरीही 'आमच्या भागाचा काय संबंध' हा प्रश्न विधेयक मांडले गेले त्या दिवशीच निकालात निघाला.

पूर्वपक्षात एक गोष्ट खरी आहे: असा बदल वाईट लिहिला जाऊ शकतो. 2015 साली बॉबी ड्रेकच्या बाबतीत तसेच झाले. त्याची सहकारी जीन ग्रे त्याच्या मनात शिरते आणि तो समलिंगी आहे हे त्यालाच सांगून टाकते. आयुष्यभर दडवलेली गोष्ट उच्चारण्याचा क्षण ज्याचा त्याच्याकडे राहायला हवा होता. लेखकाने तो हिरावला. त्या प्रसंगावर रागावलेल्या वाचकाशी मी पूर्ण सहमत आहे, पण तो राग लेखनावरचा असावा.

ॲलन स्कॉटचे उदाहरण मला फार वरचे वाटते. त्याची जुनी लग्ने आणि त्याची मुले कथेतून पुसली गेली नाहीत, उलट त्यांचा अर्थ खोल झाला. आणि 'नवा नायक घडवा' या सूचनेचे उत्तरही तिथेच आहे. 1979 साली आलेल्या नॉर्थस्टार या नायकाने 1992 मध्ये आपण समलिंगी असल्याचे सांगितले, 2012 मध्ये त्याचे लग्नही झाले, तरी तो कायम दुसऱ्या फळीतच राहिला, कारण त्याच्यामागे पिढ्यांचे प्रेम नव्हते. ॲलनचा मुलगा टॉड हा बापाच्या कितीतरी आधीपासून उघडपणे समलिंगी आहे. ज्या घरात मुलगा इतकी वर्षे मोकळेपणाने जगला, त्याच घरात बाप गप्प होता, आणि आता म्हातारपणी मुलासमोर बोलतो आहे. हा प्रसंग कोऱ्या पानावरच्या नव्या नायकाला लाभूच शकला नसता. त्याच्याकडे ऐंशी वर्षे दडवून ठेवलेले असे काहीच नसते.