अधिवेशन संपल्यावर कार्यकर्ता कुठे जातो? : फैजपूर 1936 आणि त्यानंतर

पक्षाच्या इतिहासावर संशोधन करायचं ठरलं की आपण आधी अधिवेशनांकडे वळतो. कारण सोपं आहे. अध्यक्षीय भाषण छापलेलं असतं, ठराव क्रमांकासकट मिळतात, वर्तमानपत्रांचे रकाने भरलेले असतात. पण मंडप उतरवला, प्रतिनिधी आपापल्या गावी गेले, की आपलं प्रकरणही संपतं. माझं म्हणणं असं, की प्रकरण खरं तर तिथून सुरू व्हायला हवं. फैजपूरचं उदाहरण घेऊन बघू.

डिसेंबर 1936 मध्ये पूर्व खानदेशातल्या (आजचा जळगाव जिल्हा) फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तोवर अधिवेशनं शहरात भरायची. ग्रामीण भागातलं हे पहिलं. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून नगर सजवलं, गांधीजींनी खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन उघडलं. पाठ्यपुस्तकात एवढं असतंच.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो इथे मंजूर झालेला शेतीविषयक कार्यक्रम. सारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट द्यावी, कर्जाचा बोजा हलका करावा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, शेतकरी संघटनांना मान्यता द्यावी, अशा मागण्या त्यात होत्या. त्याच सुमारास फैजपूरला किसान सभेचंही अधिवेशन झालं आणि मनमाडहून शेतकऱ्यांचा एक जथा पायी चालत तिथे आला. मंदीत कापसाचा भाव कोसळलेला असताना खानदेशातल्या माणसाला हा ठराव किती जवळचा वाटला असेल, याचा विचार करा.

आता पुढचं वर्ष बघा. 1937 च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात काँग्रेसला 175 पैकी 86 जागा मिळाल्या आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. महसूल खातं मोरारजी देसाईंकडे गेलं. म्हणजे फैजपूरला ज्या सरकारकडे साऱ्यात सूट मागितली, त्या सरकारच्या खुर्चीवर आता आपलाच पक्ष! गावातल्या कार्यकर्त्याने करायचं काय? ठरावाची आठवण करून दिली तर पक्षशिस्त मोडली म्हणणार, आणि गप्प बसलं तर गावात तोंड कसं दाखवायचं?

या पेचात साने गुरुजींकडे पाहा. फैजपूरच्या तयारीसाठी खानदेशात राबलेल्या कार्यकर्त्यांपैकी ते एक. ‘श्यामची आई’मुळे आपण त्यांना लेखक म्हणूनच ओळखतो, पण 1938 मध्ये त्यांनी अमळनेरला साप्ताहिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘काँग्रेस’. शेतकरी-कामगारांची गाऱ्हाणी त्यात येत. अतिवृष्टीने पिकं गेली तेव्हा सारा माफ व्हावा म्हणून गुरुजींनी गावोगाव सभा घेतल्या, शेतकऱ्यांना संघटित केलं. पक्षाचं नाव मिरवणारं साप्ताहिक चालवायचं आणि पक्षाच्याच सरकारकडे माफी मागायची, यात त्यांना विसंगती वाटली नाही. फैजपूरचा ठराव त्यांच्यासाठी दिलेला शब्द होता.

मग सरकारने काहीच केलं नाही का? असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. 1939 मध्ये मुंबई प्रांतात कूळकायदा आणि शेतकरी कर्जनिवारण कायदा झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस, युद्धाच्या प्रश्नावरून, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कायदे झाले, पण अंमलबजावणीला वेळ फार थोडा मिळाला. आणखी एक गोष्ट: 1935 च्या कायद्याने मताधिकार सुमारे 3 कोटी लोकांपुरताच दिला होता आणि तो मुख्यतः मालमत्ता, कर, शिक्षण यांवर बेतलेला होता. बहुतेक शेतमजुरांना मतच नव्हतं. त्यांचा आवाज वर पोचायचा तो सभा, अर्ज, मोर्चा आणि तालुक्याच्या कार्यकर्त्यामार्फत. म्हणून तो कार्यकर्ता अधिवेशनानंतर टिकला की नाही, हा प्रश्न किरकोळ नाही. ठराव कागदावर राहतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

तुमच्या संशोधनासाठी याचा उपयोग काय? तीन कामं सुचवतो.

एक, कुठलंही अधिवेशन घ्या आणि त्यानंतरची तीन वर्षं त्याच्याबरोबर वाचा. कालखंडाची सीमा ठरावाच्या तारखेवर आखू नका.

दोन, एकच जिल्हा निवडा. स्वागत समिती आणि स्वयंसेवकांची जितकी नावं सापडतील तितकी तक्त्यात भरा, आणि प्रत्येकासमोर लिहा: पुढे कोण निवडणुकीला उभं राहिलं, कोण लोकल बोर्डात गेलं, कोणी खादी केंद्र चालवलं, कोण शेतकऱ्यांबरोबर राहिलं. रिकामे रकानेही जपून ठेवा.

तीन, पक्षाचे कागद एकटे वाचू नका. मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या महसूल खात्याच्या फायली आणि जिल्ह्यातली जुनी साप्ताहिकं शेजारी ठेवा. पक्षाच्या अहवालात ‘उत्साहपूर्ण सभा’ असते, महसुलाच्या फायलीत त्याच गावाचा माफीचा अर्ज असू शकतो आणि त्यावरचा शेराही. दोन्ही एकत्र वाचले की ठरावाचं पुढे काय झालं, ते दिसू लागतं.