आर्गो फ्लोट: दहा दिवसांतून एकदाच ऑनलाइन येणारं यंत्र चालवायचं आणि परत आणायचं कसं?

एक सर्व्हर आहे असं समजा. तो दहा दिवसांतून एकदा, तेही थोडाच वेळ, नेटवर्कमध्ये येतो. त्याच्यावर लॉगिन करता येत नाही, बॅटरी बदलता येत नाही, आणि चुकीची सेटिंग गेली तर दुरुस्तीसाठी पुढचे दहा दिवस वाट बघायची. बॅकएंडवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ऐकूनच घाम फुटतो. पण जगाच्या समुद्रांत असे सुमारे ४,००० 'सर्व्हर' आत्ता फिरताहेत. त्यांना आर्गो फ्लोट म्हणतात.

हा कार्यक्रम १९९९-२००० च्या सुमारास सुरू झाला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्याने ३,००० फ्लोट्सचं पहिलं लक्ष्य गाठलं. भारताचे फ्लोट्स आणि त्यांचा डेटा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सांभाळते. फ्लोट मुख्यतः तीन गोष्टी मोजतो: दाब, तापमान आणि खारटपणा. दिसायला साधा असतो. वीस-पंचवीस किलोचा नळकांड्यासारखा देह, वर सेन्सर आणि अँटेना. पंखा नाही, सुकाणू नाही. प्रवाह नेईल तिकडे जायचं.

वर-खाली जाण्याची युक्ती

फ्लोटच्या आत तेल असतं आणि तळाशी बाहेरच्या बाजूला एक रबरी पिशवी असते. पंप आतलं तेल त्या पिशवीत ढकलतो, पिशवी फुगते, वजन तेवढंच राहून आकारमान वाढतं आणि फ्लोट वर येतो. तेल परत आत घेतलं की खाली जातो. बस, एवढंच.

नेहमीचं चक्र असं असतं: पृष्ठभागावरून सुमारे १,००० मीटरवर जायचं, तिथे नऊएक दिवस प्रवाहाबरोबर वाहायचं, मग २,००० मीटरपर्यंत उतरायचं आणि तिथून मोजमाप करत वर यायचं. वर येण्याचा वेग सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे २,००० मीटर चढायला साडेपाच-सहा तास. वर आल्यावर जीपीएसवरून जागा बघायची, उपग्रहाला डेटा द्यायचा आणि परत बुडी.

यात खरा खर्च पंपाचा आहे. २,००० मीटरवर दाब सुमारे २०० पट असतो. समजा तिथे २०० मिलीलीटर तेल बाहेर ढकलायचं आहे. दाब गुणिले आकारमान केलं तर ४,००० ज्यूल येतात, म्हणजे १.१ वॅट-तास. हे फक्त आदर्श गणित झालं, पंपातली गळती-घर्षण वेगळं. मोबाइलची बॅटरी साधारण १५ वॅट-तासांची असते, त्या हिशोबाने आकडा छोटा वाटेल. पण हे काम चार-पाच वर्षं, दीडशेच्या वर चक्रं, एकाच बॅटरी पॅकवर करायचं आहे. म्हणून सगळं तेल खोलवर एकदम ढकलत नाहीत. निघण्यापुरतं ढकलतात आणि दाब कमी होत जाईल तसतसं उरलेलं.

कमांड पाठवणं म्हणजे पत्र टाकणं

जुने फ्लोट्स आर्गोस नावाच्या उपग्रह सेवेवर चालायचे (नावं सारखी आहेत, गोष्टी वेगळ्या). ती सेवा एकतर्फी होती. फ्लोट सहा ते बारा तास पृष्ठभागावर पडून तेच तेच संदेश पुन्हा पुन्हा ओरडायचा, कारण उपग्रह कधी डोक्यावरून जाईल याचा भरवसा नव्हता आणि पोचला का हे कळायचा मार्ग नव्हता. आता बहुतेक फ्लोट्स इरिडियम वापरतात. काम पंधरा मिनिटं ते तासाभरात होतं, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

पण हे बोलणं चॅटसारखं नाही. तुम्ही कमांड पाठवता, ती उपग्रह सेवेच्या रांगेत पडून राहते, आणि फ्लोट वर आला की उचलतो. बुडी मारल्यावर तासाभराने तुम्हाला काही सुचलं, तर ते पुढच्या फेरीला. बदलता येतात ते सहसा पॅरामीटर: किती खोल वाहायचं, किती दिवसांनी वर यायचं, कोणत्या खोलीत किती दाट मोजायचं. बंगालच्या उपसागरात वादळ येताना दिसलं तर दहा दिवसांचं चक्र एक दिवसावर आणता येतं. वादळाखालचं पाणी किती ढवळलं हे मग रोजच्या रोज कळतं. बॅटरी मात्र त्याच प्रमाणात लवकर संपते.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी किरकोळ आहे. चक्र बरोबर २४० तासांचं ठेवलं तर फ्लोट नेहमी दिवसाच्या एकाच वेळी वर येतो. कायम दुपारी आला तर तुम्हाला समुद्राचा वरचा थर कायम गरमच दिसणार! म्हणून चक्रात काही तास जास्तीचे घालतात, म्हणजे वर येण्याची वेळ सरकत राहते. क्रॉन जॉब लावणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

काही निर्णय फ्लोटला एकट्यालाच घ्यावे लागतात. अंटार्क्टिकाजवळ वर बर्फ असेल तर अँटेना आपटून मोडेल. म्हणून तिथले फ्लोट्स ५० ते २० मीटरच्या थरातलं तापमान बघतात. ते उणे १.७९ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर वर बर्फ असणार असं धरून परत फिरतात आणि डेटा पोटात साठवून ठेवतात. कधी कधी महिनोन्‌महिने आवाज नसतो. फ्लोट मेला की बर्फाखाली आहे, हे उन्हाळा येईपर्यंत कळत नाही.

एका शून्याची गोष्ट

दाबाचा सेन्सर बिघडला तर सगळंच बिघडतं, कारण खोली त्यावरून ठरते. २००९ च्या सुमारास लक्षात आलं की एका प्रकारच्या दाब-सेन्सरमध्ये सूक्ष्म गळती होते आणि त्याचं वाचन हळूहळू ऋण दिशेला घसरतं. उपाय सोपा असायला हवा होता: पृष्ठभागावर दाब शून्य असतो, तिथे सेन्सर उणे काही दाखवत असेल तर तेवढं वजा करायचं. पण एपेक्स जातीच्या फ्लोट्सवरच्या जुन्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर पृष्ठभागावरचं ऋण वाचन शून्य करूनच पाठवायचं. 'दाब ऋण कसा असेल?' असा विचार कुणीतरी केला असणार, आणि तो चुकीचाही नाही. परिणाम मात्र असा की सेन्सर नीट आहे म्हणून शून्य आला की घसरला म्हणून शून्य केला, हे जमिनीवरून ओळखायला मार्ग उरला नाही. अशा प्रोफाइल्सवर आजही डेटामध्ये वेगळी खूण असते. कच्चं वाचन पाठवा, साफसफाई नंतर करा, हे माझं मत या उदाहरणानंतर पक्कं झालं.

परत आणायचा की नाही?

बहुतेक फ्लोट्स परत आणत नाहीत. कारण सरळ आहे: साधा फ्लोट वीसेक हजार डॉलरचा, आणि खोल समुद्रातल्या संशोधन जहाजाचा एका दिवसाचा खर्चच तेवढा किंवा जास्त. बॅटरी संपली की तो समुद्रातच राहतो. हे मला पटतं असं नाही, पण एका फ्लोटसाठी जहाज पाठवून जळणारं डिझेलही हिशोबात धरावं लागतं.

ऑक्सिजन, क्लोरोफिल, नायट्रेट मोजणाऱ्या महागड्या फ्लोट्सचं गणित वेगळं आहे. तसंच छोट्या समुद्रांचं. बाल्टिक समुद्रात फिनलंडची हवामान संस्था २०१२ पासून फ्लोट्स सोडते आणि शक्य तेव्हा उचलून, दुरुस्त करून परत सोडते. शिवाय परत आलेला सेन्सर प्रयोगशाळेत तपासता येतो. तो खरंच किती घसरला होता हे मोजायला याहून चांगला मार्ग नाही.

उचलण्याची तयारी जहाज निघण्याआधीच करावी लागते. आधी चक्र लहान करून वर येण्याची वेळ जहाजाच्या वेळेशी जुळवतात, मग फ्लोटला 'आता बुडू नको, जागा कळवत राहा' अशी कमांड देतात. इथेच खरी कसरत आहे. ही कमांड लवकर दिली आणि जहाजाला आठवडा उशीर झाला, तर फ्लोट पृष्ठभागावर वाहत लांब जातो आणि संदेश पाठवण्यात बॅटरी संपवतो. उशिरा दिली तर जहाज जागेवर आणि फ्लोट हजार मीटर खाली, ऐकायला कुणी नाही.

सगळं जुळलं तरी शोधणं उरतंच. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल तर अर्ध्या तासापूर्वीची जागा आता ९०० मीटर मागे पडलेली असते. पाण्यावर दिसतो तो फक्त अँटेना आणि डोक्याचा थोडा भाग. लाटा मीटरभर उंच असतील तर शेजारून गेलात तरी दिसणार नाही. त्यामुळे दिवसाउजेडी, शांत हवेत, जास्तीत जास्त डोळे डेकवर लावून शोधतात. दिसला की दोरीचा फास किंवा जाळं देहाखालून घालून उचलतात. अँटेना किंवा सेन्सर धरून कधीच ओढायचं नाही.

तुम्हालाच सापडला तर

अरबी समुद्रातही हे फ्लोट्स फिरतात, त्यामुळे एखाद्याच्या जाळ्यात किंवा किनाऱ्यावर पिवळं-काळं नळकांडं येणं अशक्य नाही. ते बॉम्ब नाही, पण उघडायचंही नाही. आत बॅटऱ्या असतात, आणि आत पाणी गेलं असेल तर वायू साठून दाब तयार झालेला असू शकतो. झाकण खोलताना ते उडून लागू शकतं. तापवू नका, भंगारात देऊ नका, लहान मुलांना लांब ठेवा. अंगावरच्या लेबलवर संस्थेचं नाव आणि क्रमांक असतो, त्याचा फोटो काढा आणि तटरक्षक दल, जवळचं पोलिस ठाणं किंवा इन्कॉइसला कळवा. तुम्ही नाही कळवलंत तरी फ्लोट चालू असेल तर तिकडे बसलेल्या माणसाला शंका येतेच: प्रवाहाबरोबर रमतगमत जाणारा ठिपका अचानक बोटीच्या वेगाने सरळ बंदराकडे निघालेला असतो.