बेने इस्रायली कीर्तन

बेने इस्रायली कीर्तन हा मराठी नारदीय कीर्तनाच्या चौकटीत ज्यू धर्मग्रंथांतील आख्याने गाण्याचा व निरूपण करण्याचा प्रकार असून, मूळच्या कोकणातील पण नोकरीधंद्यासाठी मुंबईत स्थिरावलेल्या बेने इस्रायल समाजातील तरुणांनी त्याचा आरंभ 1880 साली केला. आरंभकर्त्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर व डेव्हिड हाईम दिवेकर यांची नावे घेतली जातात. ज्यू वारशावर उभी राहिलेली, जाणीवपूर्वक रचलेली आणि रचनाकारांची नावे ज्ञात असलेली मराठी संगीतरचना शोधायची तर आरंभ येथूनच करावा लागतो.

अष्टमकर हे आडनाव अष्टमी या गावावरून आले आहे. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील हे गाव कुंडलिका नदीच्या काठी रोह्यासमोर वसलेले असून, आज दोन्ही वस्त्यांची मिळून रोहा-अष्टमी नगरपरिषद आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायलांची परंपरागत समजूत आहे. पुढे अलिबाग, पेण, रोहा या भागांतील गावोगावी विखुरलेल्या या कुटुंबांचा मुख्य व्यवसाय तेल गाळण्याचा होता आणि शब्बाथ म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा दिवस पाळून ती त्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, केहिमकर, नवगावकर यांप्रमाणे अष्टमकर हेही गावाच्या नावाला ‘कर’ लावून झालेले आडनाव असल्याने, घराणे मुंबईस गेल्यावरही मूळ गाव नावात राहिले. ही कुटुंबे गावात जे ऐकत आली, त्यात देवळातले कीर्तन, शाहिरांचे पोवाडे आणि जात्यावरच्या ओव्या होत्या. हिब्रू प्रार्थना मात्र फार थोड्या तोंडपाठ होत्या.

कीर्तनाची गरज का भासली, हे या पार्श्वभूमीवरून कळते. मुंबईतील पहिले सिनॅगॉग, ज्याला समाजात मशीद म्हणण्याचा प्रघात होता, ते सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी 1796 साली बांधले आणि कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी उपासनाविधी शिकवले. पेण येथील बेथ हा-एलोहिम हे सिनॅगॉग 1863 सालचे आहे. विधी आले तरी त्यांची भाषा हिब्रू होती आणि ती बहुतेकांना समजत नव्हती. दुसऱ्या बाजूने मिशनऱ्यांनी बायबलच्या कथा मराठीत आणल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता; प्रत्यक्षात समाजाने त्या शिक्षणाचा उपयोग ज्यू म्हणून अधिक जाणता होण्यासाठी केला, ही त्या काळातील विशेष लक्षात घेण्याजोगी उलथापालथ होय. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (1834–1905) यांच्यासारख्या विद्वानांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, तर हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये समाजासाठी शाळा काढली. वाचणाऱ्यासाठी ग्रंथ सिद्ध झाले होते. ऐकणाऱ्यासाठी, विशेषतः निरक्षर वडीलधाऱ्यांसाठी व स्त्रियांसाठी, काहीच नव्हते, आणि ती उणीव कीर्तनाने भरून काढली.

नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात नमन व एखाद्या तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्या तत्त्वाच्या पुष्ट्यर्थ एक आख्यान गद्यपद्यातून सांगितले जाते. बेने इस्रायली रचनाकारांनी गणेश-शारदेच्या स्तवनाची जागा एकमेव ईश्वराच्या स्तुतीला दिली आणि आख्यानासाठी अब्राहम, योसेफ, मोशे, दावीद, एस्तेर, एलीया यांची चरित्रे घेतली. त्यांचे खरे रचनाकौशल्य मात्र उत्तररंगातील छंदांच्या निवडीत दिसते. योसेफाला त्याचे भाऊ विहिरीत टाकतात, व्यापाऱ्यांना विकतात, मिसर देशात तो तुरुंगात पडतो, फारोच्या स्वप्नांचा अर्थ सांगून प्रधान होतो आणि दुष्काळात धान्य मागायला आलेल्या त्याच भावांना अखेर ओळख देतो. कारस्थान, विरह, वैभव आणि पुनर्भेट असे इतके भाव एकामागून एक येणाऱ्या या कथेला कीर्तनातली बहुविध पद्यरचना जणू मुद्दाम जुळवून ठेवल्यासारखी आहे. आर्या हे मोरोपंतांनी रूढ केलेले मात्रावृत्त थोडक्यात प्रसंग मांडायला उपयोगी पडते. साकीची ओळ 16 व 12 मात्रांत विभागलेली असल्याने कथन व संवाद पुढे सरकवायला ती सोयीची ठरते. 19 मात्रांची, 9 व 10 अशी तुटणारी दिंडी करुण प्रसंगाला शोभते. आणि यमकांची रेलचेल असलेला, द्रुत लयीत म्हटला जाणारा कटाव वर्णनाचा धडाका उडवून देतो. बापाचा विलाप दिंडीत आणि मिसरचे वैभव कटावात, असे वाटप मराठी श्रोत्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. साथीला पेटी, तबला व झांज असते.

पदांच्या चाली बहुधा नव्या नसत. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द लिहून त्यापुढे एखाद्या परिचित गीताचा आरंभ देण्याची मराठी छापील पदसंग्रहांची रीत येथेही चालू राहिली. याला उसनवारी म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही, कारण ज्यू संगीताच्या इतिहासात हीच पद्धत जुनी व प्रतिष्ठित आहे. इस्रायल नजारा या कवीने 1587 साली सफेद येथे प्रसिद्ध केलेल्या संग्रहात हिब्रू धर्मगीते, म्हणजे पियुत, तुर्की व अरबी गाण्यांच्या चालींवर रचली आणि त्या चालींची नोंदही केली. तर मांतोव्हाच्या सालामोने रोस्सीने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हिब्रू स्तोत्रांना तत्कालीन इटालियन बहुस्वरी संगीताचा साज दिला. अष्टमकर-दिवेकरांच्या पिढीला ही उदाहरणे ठाऊक असोत वा नसोत, त्यांनी निवडलेला मार्ग तोच होता. आणखी एक योगायोग असा की अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेही 1880 सालीच, आणि त्यातही साकी, दिंडी यांसारखी कीर्तनातली वृत्ते होती. कीर्तनाची सामग्री दोन अगदी निराळ्या ठिकाणी एकाच वेळी नव्या कामाला लावली जात होती.

मुंबईशी संबंधित दुसऱ्या एका ज्यू संगीतकाराशी या परंपरेची तुलना उद्बोधक ठरते. कार्लोव्ही व्हारी येथे 1907 मध्ये जन्मलेले वॉल्टर कॉफमन 1934 ते 1946 या काळात मुंबईत राहिले आणि आकाशवाणीच्या सुप्रसिद्ध संकेतधुनेचे कर्तृत्व त्यांच्याकडे जाते. कॉफमन पाश्चात्त्य रचनाकाराच्या भूमिकेतून भारतीय रागाकडे आले, तर बेने इस्रायली कीर्तनकारांना मराठी संगीत शोधावे लागले नाही. त्यांनी शोध घेतला तो हिब्रू वारशाचा. संगीताच्या इतिहासात कॉफमन यांची दखल अधिक घेतली गेली, यात कीर्तनाला ‘रचना’ न मानण्याच्या सवयीचा वाटा मोठा आहे.

कीर्तन हा सिनॅगॉगमधील विहित उपासनेचा भाग नव्हता. त्यामुळे त्याला धर्मविधीचे निर्बंध लागू झाले नाहीत आणि विसाव्या शतकात स्त्रियांना त्यात पुढे येता आले. त्याउलट मलिदा हा विधी, ज्यात पोहे, खोबरे, साखर व फळे यांचे ताट मांडून एलियाहू हानबी म्हणजे संदेष्टा एलीया याचे स्मरण करतात, तो हिब्रू गीतासह घरोघर टिकला. एलीयाच्या कथेवरील मराठी पदे आणि मलिद्याचे हिब्रू गीत एकाच कुटुंबाच्या कानावर असत, हा या समाजाच्या संगीताचा विशेष आहे.

1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये स्थलांतरित झाला आणि मराठी गाणीही तिकडे गेली. तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. तथापि पुढच्या पिढ्यांची भाषा हिब्रू झाल्याने मराठी निरूपण, जो कीर्तनाचा कणा, तोच प्रथम क्षीण झाला व सुटी पदे मागे राहिली. महाराष्ट्रातील राष्ट्रीय कीर्तनावर 2013 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकन संगीत-अभ्यासक अॅना शुल्ट्झ यांनी बेने इस्रायली कीर्तनाचाही अभ्यास केला आहे. जुन्या पदांच्या पुनर्गायनात मुख्य अडचण स्वरलेखनाच्या अभावाची आहे. नाट्यगीताची चाल नोंदलेली असेल, तर ध्वनिमुद्रिकांच्या व नाट्यसंगीताच्या जिवंत परंपरेच्या आधारे ती बसवता येते, आणि साकी-दिंडी तर कोणताही जाणता कीर्तनकार आजही म्हणू शकतो. परंतु ज्या स्थानिक गाण्याचा केवळ आरंभ दिला आहे आणि ते गाणेच विस्मरणात गेले आहे, तेथे शब्द छापील असूनही पद गाता येत नाही.