टिपण: साहेबाच्या फाइलीतलं आणि आपल्या पोरांच्या वहीतलं

मित्रहो, पोस्ट जरा मोठी आहे. घरात कुणी एमपीएससी करत असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचवा.

बातमीच्या निमित्ताने अभ्यासिकांमध्ये माझं जाणं-येणं असतं. टेबलावर काय दिसतं? पुण्याहून आलेल्या झेरॉक्स नोट्सचे गठ्ठे. अक्षर दुसऱ्याचं, हायलायटर तेवढा आपल्या पोरांचा. या गठ्ठ्यांचे दिवस आता भरलेत, असं माझं मत आहे. का, ते समजायला थोडा इतिहास बघावा लागेल.

1853 च्या सनदी कायद्याने कंपनीच्या मुलकी नोकऱ्या स्पर्धेला खुल्या झाल्या आणि 1855 मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. 1922 पर्यंत त्या परीक्षेसाठी समुद्र ओलांडावा लागायचा. रायगडकडचे चिंतामणराव देशमुख 1918 मध्ये त्यात पहिले आले. नेमणूक कुठे? आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा त्या प्रांतात. हेच देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

नोकरी लागल्यावर या अधिकाऱ्यांचं रोजचं काम काय होतं? टिपण लिहिणं. सरकारी फाइलीत आजही पत्रव्यवहार वेगळा आणि टिपणी वेगळी असते. प्रकरण काय, नियम काय, आधी काय ठरलं, आता काय करावं, हे सगळं थोडक्यात मांडायचं. म्हणजे नोट्स काढणं हा परीक्षेपुरता खटाटोप नाही, ती त्या खुर्चीची तालीम आहे.

आपल्या भागाचं अशा टिपणांतून उभं राहिलेलं पुस्तकही आहे. रसेल नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने 1908 मध्ये भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर तयार केलं. इतिहास, लोक, शेती, दुष्काळ, जमीनमहसूल अशी त्यात ठरीव प्रकरणं. अख्खा जिल्हा काही मथळ्यांत बसवला. पण नजर राज्यकर्त्याची. तलाव कुणी आणि कसे बांधले यापेक्षा सारा किती, याची काळजी तिला जास्त.

आता मामा तलावच घ्या. झेरॉक्समध्ये एक ओळ असते: ‘पूर्व विदर्भातील पारंपरिक सिंचन’. बस. आपल्या पोराने स्वतः टिपण काढलं तर? कोहळी समाजाचं तलाव बांधण्याचं कसब आलं, म्हणजे इतिहास. उतार, पाळ, धानाचं पाणी आलं, म्हणजे भूगोल आणि शेती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, म्हणून तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, म्हणजे जमीन सुधारणा. गाळ काढायचा कुणी आणि पाण्यावर हक्क कुणाचा, म्हणजे प्रशासन. एका पानात चार विषय! आणि हे पान पुण्यात विकत मिळत नाही.

आता परीक्षेकडे या. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2012 पासून पर्यायी प्रश्नांची झाली. तिथे सुट्या माहितीवर भागायचं. नवीन पद्धत 2023 पासून येणार होती, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ती 2025 वर गेली. आता नऊ वर्णनात्मक पेपर, लेखी 1750 आणि मुलाखत 275 गुण. गोल काळा करायचा नाही, लिहायचं आहे. दुसऱ्याच्या नोट्स पाठ करून स्वतःचा मुद्दा कसा मांडणार, भाऊ?

मग करायचं काय? आधी जुने प्रश्न आणि अभ्यासक्रम बघा. पहिल्या वाचनात पेन खालीच ठेवा, दुसऱ्या वाचनात लिहा. पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत. एक विषय, एक पान. बाजूला मोकळी जागा ठेवा, पेपरात त्यावर बातमी आली की तारखेसह तिथे टाका. आठवड्याने त्या पानावरून एक उत्तर लिहून बघा. उत्तर अडलं तर पान कच्चं आहे, दुरुस्त करा.

पुण्यात खोली घेऊन राहणं आपल्याकडच्या किती घरांना परवडतं, हे तुम्हाला सांगायला नको. धान विकून पैसे पाठवणारे बाप मी पाहतो. म्हणून सांगतो, वही आणि पेन गोंदियातही तेवढंच चालतं. आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगावच्या पोरा-पोरींनो, आपल्या तालुक्यावर आज एक पान लिहा. उद्या त्या खुर्चीत बसाल तेव्हा तलावाच्या फाइलीवर टिपणी तुमचीच लागणार आहे.