नासिक : गोदावरीचे पूर व नगररचना

नासिक शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या गोदावरी नदीला येणारे पूर, त्यांच्याशी जुळवून घेत झालेली शहराची वाढ आणि पुरापासून होणारी हानी कमी करण्यासाठी वेळोवेळी योजलेले नियोजनाचे उपाय, यांचा इतिहास. नैसर्गिक आपत्तीला तोंड देण्याची शहराची क्षमता बंधारे व भिंती यांच्याइतकीच जमिनीच्या वापरावरील नियंत्रणावर अवलंबून असते. नासिकचा अनुभव हे त्याचे महाराष्ट्रातील एक बोलके उदाहरण होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळील ब्रह्मगिरीवर होतो. तेथून नासिकपर्यंतचा नदीचा प्रवास अल्प अंतराचा असून एवढ्या अंतरात पर्जन्यमानात मोठा फरक पडतो. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या त्र्यंबक परिसरात नासिक शहराच्या कित्येक पटींनी अधिक पाऊस पडतो. त्यामुळे शहरात उघडीप असतानाही नदीला पूर येऊ शकतो. वरच्या खोऱ्यात उतार तीव्र व खडक कठीण असल्याने पावसाचे पाणी थोड्याच तासांत नदीपात्रात उतरते. शहराच्या हद्दीत वाघाडी (वरुणा), सरस्वती नाला आणि नासर्डी (नंदिनी) यांसारखे प्रवाह गोदावरीस मिळतात. मुख्य नदी फुगली असता या प्रवाहांचे पाणी तुंबते आणि काठालगतच्या वस्तीत शिरते. पुराचे पाणी शहरात येते ते पुष्कळदा नदीच्या काठावरून नव्हे, तर नाल्यांच्या मुखातून, ही बाब नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

जुन्या वस्तीची रचना : गावठाणातील जुने नासिक उंचवट्यांवर वसलेले आहे. नऊ टेकड्यांवरून शहराला हे नाव पडले अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती मान्य केली नाही, तरी वस्तीचा उंच जागेकडील कल त्यातून व्यक्त होतो. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये नदीकाठच्या मातीच्या गढीवर केलेल्या उत्खननात प्राचीन काळापासूनच्या वस्तीचे थर आढळले. ही वस्तीही काठावरील उंच भागातच होती.

मराठेशाहीत काठावर मोठे बांधकाम झाले. रामकुंड १६९६ मध्ये बांधले गेले व पुढे पेशवे घराण्यातील गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. नारोशंकराचे मंदिर १७४७ मध्ये, तर सुंदरनारायणाचे १७५६ मध्ये उभे राहिले. पात्रालगतच्या या बांधकामाचे स्वरूप दगडी घाट, पायऱ्या, कुंडे, सांडवे व मंदिरे असे होते. वर्षातून काही दिवस ते पाण्याखाली जाणार हे गृहीतच होते. पाणी ओसरले की गाळ काढून व्यवहार पूर्ववत होत. राहते वाडे वरच्या अंगाला आणि नदीच्या हद्दीत केवळ तात्पुरत्या पथाऱ्या व आठवड्याचा बाजार, अशी ही अलिखित विभागणी होती. तीमागे शास्त्रीय गणित नव्हते. तथापि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचा आधार होता.

हेच निरीक्षण लोकांच्या पूरमापनातही दिसते. गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला, कमरेला, छातीला अथवा गळ्याला पाणी लागले, यावरून पुराची तीव्रता सांगण्याची पद्धत आजही रूढ आहे. मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेले, म्हणजे महापूर आला असे मानतात. याहून मोठ्या पुराची खूण म्हणजे नारोशंकराच्या मंदिराची घंटा. वसईच्या मोहिमेतून आणलेली म्हणून ही घंटा प्रसिद्ध आहे. अभियांत्रिकी परिमाणे सामान्य माणसाला अवगत नसतानाही या खुणांमुळे धोक्याची पातळी सर्वांना एकाच वेळी कळत असे. १८७२ च्या पुराची नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या नासिक खंडात (१८८३) आढळते.

गंगापूर धरण व शहराची वाढ : नासिक नगरपालिकेची स्थापना १८६४ मध्ये झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत शहराचा विस्तार मर्यादित होता. स्वातंत्र्यानंतर शहराच्या पश्चिमेस गोदावरीवर गंगापूर येथे मातीचे धरण बांधण्यात आले व ते १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सु. ३६·६ मी. व लांबी सु. ३,९०० मी. आहे. सिंचन व पाणीपुरवठा हे त्याचे मुख्य हेतू होत. पुढे कश्यपी व गौतमी-गोदावरी ही धरणे त्याच्या वरच्या बाजूस झाली.

धरणामुळे लहान पूर अडले आणि नदी आता आवाक्यात आली असा समज बळावला. पण १९६९ मध्ये धरण अस्तित्वात असतानाही शहराने मोठा महापूर अनुभवला. याचे कारण धरणाच्या कार्यपद्धतीत आहे. पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला जलाशय पावसाळ्याच्या अखेरीस भरलेला असणे आवश्यक असते, तर पूर सामावून घेण्यासाठी तो अंशतः रिकामा असावा लागतो. जलाशय भरल्यानंतर आलेले पाणी जवळजवळ जसेच्या तसे खाली सोडावे लागते. धरणाच्या खाली, तसेच आळंदी नदीसारख्या उपप्रवाहांच्या पाणलोटात पडणाऱ्या पावसावर धरणाचा काहीच ताबा नसतो. गाळ साचल्याने गंगापूरची साठवणक्षमताही मूळच्या मानाने घटली आहे.

दरम्यान शहर झपाट्याने वाढले. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नासिक महानगरपालिका अस्तित्वात आली व सातपूर, नासिकरोड-देवळाली इ. भाग तीत समाविष्ट झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. या वाढीत पूर्वीची अलिखित मर्यादा मागे पडली. काठालगतचे मळे निवासी भूखंड झाले, नाले बुजले किंवा बंदिस्त झाले आणि पावसाचे पाणी जिरवणारी मोकळी जमीन कमी झाली. सिंहस्थाच्या निमित्ताने रामकुंड परिसरात झालेल्या काँक्रीटीकरणामुळे नदीतळाचे नैसर्गिक स्वरूप बदलले आणि जुनी कुंडे झाकली गेली. हा विषय पुढे नदीच्या प्रदूषणाबरोबरच मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

२००८ चा पूर व पूररेषा : १९ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या महापुराने या साऱ्या बदलांची कसोटी लागली. गोदाघाट, सराफ बाजार, भांडी बाजार व दोन्ही काठांवरील वस्त्यांत पाणी शिरले. अनेक ठिकाणी अधिकृत परवानगीने बांधलेल्या इमारतींनाही पाण्याने वेढले. त्यामुळे पुराचा प्रश्न केवळ अतिक्रमणाचा नसून परवानगी देणाऱ्या नियमांचाही आहे, हे स्पष्ट झाले.

राज्याच्या पाटबंधारे विभागाने २१ सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने पूररेषा आखण्याचे निकष ठरविले होते. त्यांनुसार सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या विसर्गावर, अथवा नदीच्या प्रस्थापित पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्गावर, यांपैकी जो अधिक असेल त्यावर निळी पूररेषा आधारलेली असते. लाल पूररेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी संबंधित असते. पात्र ते निळी रेषा हे निषेधक क्षेत्र व निळी ते लाल रेषा हे नियंत्रित क्षेत्र समजले जाते. नासिकमध्ये या रेषांची प्रत्यक्ष आखणी २००८ च्या पुरानंतर जलसंपदा विभागाने केली. परिपत्रक आणि आखणी यांमध्ये जवळजवळ वीस वर्षे गेली व याच काळात काठावरील बांधकाम सर्वाधिक वाढले.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या संज्ञेचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. असा पूर एकदा आला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असे त्यातून सूचित होत नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शेकडा एक आहे, एवढाच तिचा आशय होय. तीस वर्षे टिकणाऱ्या घराच्या आयुष्यात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सु. २६ टक्के, म्हणजे चारात एक इतकी भरते.

पूररेषांचा वाद : रेषा आखल्या जाताच त्यांचे आर्थिक परिणाम जाणवू लागले. निळ्या रेषेच्या आत आलेल्या जुन्या घरांच्या मालकांपुढे पुनर्बांधणीचा पेच उभा राहिला. गावठाणातील वाडे मोडकळीस आलेले. ते पाडून नवे बांधावेत तर परवानगी मिळेना, आणि तसेच ठेवावेत तर पावसाळ्यात कोसळण्याचे भय, अशी ही स्थिती होती. भूखंडधारक व बांधकाम व्यावसायिकांनी रेषांच्या फेरआखणीची मागणी केली. नदीप्रेमी नागरिकांनी तीस विरोध केला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्यांश होता. पूररेषा ही नदीपात्राच्या रुंदी-खोलीवर व पुलांच्या अडथळ्यावर अवलंबून असल्याने ती कायमची स्थिर नसते. मात्र पात्राची स्थिती न सुधारता केवळ नकाशावरील रेषा हलविल्यास पाण्याची पातळी बदलत नाही.

२०१७ मध्ये मंजूर झालेल्या शहराच्या सुधारित विकास योजनेनंतर, २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने या प्रश्नावर मध्यममार्ग काढला. निळ्या रेषेच्या आत उद्याने, मोकळे वाहनतळ, भाजीबाजार यांसारखे मोकळे वापर अनुज्ञेय ठरले. तेथील अधिकृत जुन्या बांधकामांचा पुनर्विकास आणि नियंत्रित क्षेत्रातील बांधकाम यांसाठी जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०·४५ मी. उंच असण्याची अट घालण्यात आली. जोते उंच केल्याने त्या घरातील माणसे व चीजवस्तू सुरक्षित राहतात. परंतु भराव घालून उंची वाढविल्यास विस्थापित पाणी शेजारच्या बैठ्या घरांकडे वळते. एका घराचे रक्षण व परिसराचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नंतरचे पूर व उपाय : २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीला पुन्हा मोठे पूर आले. होळकर पुलाजवळील बंधाऱ्यासारखे पात्रातील अडथळे व पुलाच्या कमानींमुळे वर चढणारी पाण्याची पातळी यांची चर्चा त्यामुळे वाढली. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्राकडे या प्रश्नाचा अभ्यास सोपविण्यात आला. स्मार्ट शहर योजनेखाली होळकर पुलाजवळ यांत्रिक दरवाजे बसविण्याचे व पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

धरणातून विसर्ग सोडण्यापूर्वी काठावरील रहिवाशांना सूचना देण्याची व्यवस्था हा तुलनेने कमी खर्चाचा, पण सर्वांत परिणामकारक उपाय ठरला आहे. धरणापासून गोदाघाटापर्यंत पाणी पोहोचण्यास लागणारा अवधी थोडा असल्याने त्या वेळेत व्यापारी माल हलवू शकतात व वाहने काढता येतात. याउलट काझीच्या गढीसारख्या ठिकाणी धोका वेगळ्या प्रकारचा आहे. नदीच्या माऱ्याने व पावसाने मातीचा कडा ढासळतो. तेथील कुटुंबांना दर पावसाळ्यात स्थलांतराच्या नोटिसा दिल्या जातात. पर्यायी घर व उपजीविकेची सोय नसल्याने ती तेथेच राहतात. नोटीस म्हणजे संरक्षण नव्हे, याची ही वस्ती साक्ष आहे.

सिंहस्थ : नासिकचा सिंहस्थ कुंभमेळा ऐन पावसाळ्यात भरतो. मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात, म्हणजे जलाशय भरत आलेले असताना होतात, आणि लाखो भाविक नेमक्या निषेधक क्षेत्रातच उतरतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावरील चेंगराचेंगरीत ३९ जण मृत्युमुखी पडले. ती दुर्घटना पुराची नव्हती. तथापि दाट वस्तीतील चिंचोळ्या वाटा संकटकाळी किती अपुऱ्या पडतात हे तिने दाखविले. यानंतर २०१५ च्या सिंहस्थासाठी नवे घाट व रस्ते बांधण्यात आले. २०२६–२८ च्या सिंहस्थाच्या संदर्भात घाटांचा विस्तार व धरणांचे परिचालन यांचा एकत्र विचार अपरिहार्य ठरतो. घाट जितका पात्राच्या आत सरकतो, तितका पुराचा मार्ग आकसतो.

हवामानबदल व पुढील दिशा : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना सु. तिपटीने वाढल्या. पूररेषा मात्र मागील नोंदींवरून काढलेल्या असतात. पावसाचे स्वरूप बदलत असेल, तर पूर्वीच्या शंभर वर्षांचा पूर पुढे अधिक वारंवार येऊ शकतो व रेषांची ठरावीक काळाने फेरतपासणी करावी लागते. मुंबईतील २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी व कृष्णा खोऱ्यातील २०१९ चा महापूर यांनंतरच्या चौकशी समित्यांच्या कामातही जलाशयांचे परिचालन, नद्यांतील अडथळे व पूरक्षेत्रातील बांधकाम हे विषय प्रमुख होते. १९९३ व १९९५ च्या पुरांनंतर नेदर्लंड्सने बंधारे आणखी उंच करण्याऐवजी काही ठिकाणी ते मागे हटवून नद्यांना जागा मोकळी करून दिली. नासिकची जुनी घाटरचना तत्त्वतः याच विचाराच्या जवळ जाणारी होती.

पात्र व नाले मोकळे राखणे, रेषांच्या आतील रहिवाशांना सुरक्षित जागी मोबदल्यासह घरे देणे, पावसाचे पाणी शहरातच जिरवणे आणि धरणांचे परिचालन पर्जन्याच्या पूर्वानुमानाशी जोडणे, ही या नियोजनाची मुख्य अंगे होत. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारखी जलविषयक संस्था नासिकमध्येच असल्याने तांत्रिक ज्ञानाची येथे उणीव नाही. मोकळ्या ठेवलेल्या जमिनीची किंमत कोणी सोसावी, हा यातील सर्वांत कठीण प्रश्न असून पूररेषांचे यश त्याच्या न्याय्य उत्तरावर अवलंबून राहील.