स्वमग्नतेची शंका : बालकाची विकास-तपासणी केव्हा व कशी करून घ्यावी?

हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, खेळण्यातील मोटारीचे चाकच तासन्‌तास फिरवीत बसते. आईच्या मनात शंका येते. घरातील वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात, ‘ह्याचे बाबासुद्धा उशिराच बोलू लागले होते.’ हे शब्द मायेपोटी उच्चारलेले असतात. परंतु अशा वाट पाहण्यात बालकाच्या विकासाची मोलाची वर्षे निसटून जातात, याकडे आम्ही पालकांचे लक्ष वेधू इच्छितो.

स्वमग्नता म्हणजे काय?
स्वमग्नता, अर्थात ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अवस्था आहे. ती संगोपनातील उणिवेमुळे किंवा लसीकरणामुळे उद्भवत नाही. लसीवर संशय घेणारा १९९८ सालचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला.

तपासणी केव्हा करावी?
बारा महिन्यांपर्यंत बोट दाखविणे, टाटा करणे असे हावभाव नसणे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणे. आणि कोणत्याही वयात आलेली भाषा हरवणे. यांपैकी एक लक्षण दिसले तरी तपासणी करावी. लक्षण म्हणजे निदान नव्हे, हेही ध्यानात असावे.

कोठे जावे?
प्रथम बालरोगतज्ज्ञांना भेटावे व विकासतज्ज्ञांकडे पाठविण्याची स्पष्ट विनंती करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी करतात आणि गरजू मुलांना पुढील तपासणीसाठी जिल्हास्तरीय केंद्राकडे विनामूल्य पाठवितात.

तपासणीत काय होते?
स्वमग्नतेचे निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. ऐकू कमी येत नाही ना, हे आधी पाहिले जाते. मग पालकांशी सविस्तर बोलणे होते व मुलाचे खेळताना निरीक्षण केले जाते. भारतात त्यासाठी चाळीस मुद्द्यांची ‘इसा’ ही मापनश्रेणी वापरली जाते. जाताना लसीकरणाचे कार्ड, जुने अहवाल, मूल केव्हा बसले, चालले, बोलले याची टिपणे आणि घरातील वागण्याचे मोबाइलवरील चित्रण सोबत न्यावे. तपासणीची तारीख लांबची मिळाली, तरी वाचा-उपचार व ऑक्युपेशनल थेरपी त्याआधी सुरू करता येतात.

निदानानंतर
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र मिळाल्यास शिक्षण व शासकीय योजनांतील सवलतींचा मार्ग मोकळा होतो.

निदान हा मुलावर मारलेला शिक्का नव्हे. त्याला काय जमते व कोठे हात द्यावा लागेल, हे त्यातून उमगते. आप्तेष्टांनी व शेजाऱ्यांनी अशा आईला दोष न देता, तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत जावे, अशी आमची विनंती आहे.